संग्रहाची घडी कशी बसवायची

गोव्यात काहीच न जमवणारं घर शोधावं लागेल. फेणीच्या बाटल्यांवरची लेबलं, पोर्तुगीज काळातली टपाल तिकिटं, कदंबची बसतिकिटं, पाडलेल्या घराच्या आझुलेजचे (रंगीत चकाकत्या फरशांचे) तुकडे, आजीच्या साड्यांचे काठ, दर्यावरच्या शिंपल्या. हे सगळं बहुधा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतं आणि डबा कपाटावर. पाहुणा आला की डबा खाली येतो, सगळं जमिनीवर पसरतं, आणि परत भरताना वरचं तळाशी जातं. दुसरं टोक प्रदर्शनाचं: काचेच्या चौकटी, भाड्याचं दालन, आठ दिवसांची गर्दी, मग चौकटी माळ्यावर. पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशीचे ठिपके.

या दोहोंच्या मधला रस्ता आर्टिस्ट बुकचा. इथं कागद, घडी, शिलाई, उघडण्याची रीत, पेटी हे सगळं मिळून कलाकृती होते. मजकूर त्यातला एक भाग. संग्रह मांडायला हा प्रकार जुनाच आहे. अॅना अॅटकिन्सनं १८४३ पासून ब्रिटिश शेवाळांचा आपला संग्रह सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हात उमटणाऱ्या, निळ्या ठशांत हप्त्याहप्त्यानं काढला. नावंसुद्धा तिच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्यात. ज्याला हप्ते मिळत त्यानं ते आपापले बांधून घ्यायचे. मार्सेल द्युशाँनं १९३५ ते १९४१ या काळात आपल्या ६९ कामांच्या छोट्या प्रतिकृती एका पेटीत बसवल्या. एड रुशेनं १९६६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एकाच लांब घडीत छापल्या. ती घडी उलगडली की साडेसात मीटरच्या आसपास जाते. दयानिता सिंग यांनी २०१७ मध्ये नऊ घडीपुस्तकं एका पेटीत दिली. प्रत्येक पुस्तक म्हणजे एक छोटं संग्रहालय, टेबलावर उभं करायचं.

चारही ठिकाणी बांधणी संग्रहातून आली आहे. रस्ता सलग असतो म्हणून सलग घडी. शेवाळं वर्षानुवर्षं मिळत राहतात म्हणून हप्ते. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. एखाद्या कार्यशाळेत जपानी शिलाई शिकलेली असते, ती छान दिसते, मग जे घरात आहे ते तिच्यात कोंबलं जातं. जपानी शिलाईचं पुस्तक शिवणीच्या बाजूला दीड-दोन सेंटीमीटर गिळतं आणि पूर्ण सपाट उघडत नाही. त्यात लावलेलं पोस्टकार्ड प्रत्येक वेळी वाकतं, आणि काही वर्षांत मधोमध चिरतं.

म्हणून आधी सगळं टेबलावर मांडा आणि संग्रहाला विचारा: तुला क्रम आहे का? असेल तर तो एका दिशेनं जातो, की सगळं एकाच वेळी दिसायला हवं? संग्रह पुरा झालाय, की अजून भर पडणार आहे? वस्तू किती जाड आहेत? या चार उत्तरांत बांधणी ठरून जाते.

सलग जाणारं: घडीपुस्तक

बसतिकिटं, एका घराण्याच्या लग्नपत्रिका, पणजीतल्या फोंतेन्यासमधल्या एका गल्लीच्या खिडक्या, एकाच ब्रँडच्या लेबलांत वर्षांगणिक होत गेलेले बदल. जिथं एकानंतर दुसरं येतं तिथं झिगझॅग घडी उत्तम. तिला कणा नसतो, त्यामुळे चिकटवलेल्या वस्तूंनी पुस्तक फुगलं तरी काही तुटत नाही.

कागद ५६ बाय ७६ सेंटीमीटरचा, २५० जीएसएम, सुती. ५६ ची बाजू तीन पट्ट्यांत कापा, प्रत्येकी १८.५ सेंटीमीटर. प्रत्येक पट्टी ७६ लांब, म्हणजे १५ सेंटीमीटरची पाच पानं आणि शेवटी १ सेंटीमीटरची जोडपट्टी. ही जोडपट्टी पुढच्या पट्टीच्या पहिल्या पानामागे, घडीच्या अगदी कडेला चिकटते, त्यामुळे जोड दिसत नाही. एका कागदातून १५ पानं निघतात, वापरायची १४. घडीपुस्तकात पानांची संख्या सम हवी. विषम झाली की एका बाजूचा पुठ्ठा चित्राच्या पाठीवर बसतो आणि दुसऱ्या बाजूचा चित्रावरच. हे सगळं चिकटवून झाल्यावर लक्षात येतं. उरलेलं पंधरावं पान शाई आणि खळ तपासायला ठेवा.

घड्यांच्या खुणा पट्टीनं एकामागून एक मोजत जाऊ नका. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर सरकलं तरी पाचव्या पानाला अडीच मिलिमीटरचा फरक पडतो आणि पुस्तक तिरकं उभं राहतं. बरोबर १५ सेंटीमीटरचा जाड कार्डाचा एक तुकडा कापा आणि प्रत्येक घडी त्याच्या कडेवर बोन फोल्डरनं दाबा. बोन फोल्डर नसेल तर गुळगुळीत घासलेली करवंटीची चकती चालते.

आता ग्रेन. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. घडी तंतूंच्या दिशेनं गेली तर स्वच्छ मोडते. आडवी गेली तर पृष्ठभाग तडकतो आणि शाई पापुद्र्यासारखी निघते. शिवाय दमटपणात कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, आणि गोव्यात दमटपणा काही सांगून येत नाही. कागद हलकेच वळवून बघा: ज्या दिशेनं तो सहज वाकतो, ग्रेन त्या वाकणाला समांतर. वरच्या हिशोबात ग्रेन ५६ च्या बाजूला समांतर हवा. तो ७६ ला समांतर निघाला तर हिशोबच फिरवा: ७६ ची बाजू तीन पट्ट्यांत कापा, प्रत्येकी २५ सेंटीमीटर उंच. ५६ लांबीत १८ सेंटीमीटरची तीन पानं आणि जोडपट्टी बसते. पानं कमी मिळतील, पण तडकणार नाहीत.

पुठ्ठा २ मिलिमीटरचा, पानापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठा, म्हणजे १५.६ बाय १९.१. कापड चारही बाजूंनी २ सेंटीमीटर जास्त. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर सोडा. टोकाला लागून कापलं तर कोपऱ्यात पुठ्ठा उघडा पडतो. कापड चिकटवलं की पुठ्ठा त्या बाजूला वाकणारच. तो वाक आतून लावलेल्या कागदानं काढायचा असतो, आणि त्या कागदाचा ग्रेनही पुठ्ठ्याच्याच दिशेचा हवा. नंतर वजनाखाली: जानेवारीत एक दिवस, जुलैत तीन दिवस, आणि मधले टीपकागद रोज बदलून. एवढं करायचं नसेल तर जुलैत बांधणी काढूच नये. फोटो, स्कॅन, लेखन पावसात करा. खळ आणि पुठ्ठा डिसेंबर ते एप्रिल.

सगळं एकदम दिसायला हवं: माटोळीचं पुस्तक

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, हा गोव्यातला सगळ्यात देखणा संग्रह, आणि तो दरवर्षी नव्यानं जमतो, दरवर्षी उतरतो. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरंजन, चिबूड, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, नागकुडो, शेरवडीची पांढरी पानं. त्याची नोंद करणारी पुस्तकं साधारण यादीसारखी असतात, डावीकडे फोटो आणि उजवीकडे नाव. माहिती मिळते, माटोळी मात्र हरवते. माटोळी ही वर मान करून एकदम बघायची गोष्ट. तिला घडीपुस्तकही चालत नाही, कारण तिला सुरुवात नाही.

इथं मिअँडर घडी कामाला येते. ५६ बाय ७६ चा कागद उभा धरा. दोन्ही दिशांना तीन-तीन घड्या घालून चार-चार सारखे भाग करा, म्हणजे १४ बाय १९ ची सोळा घरं. आता तीन आडव्या चिरा, प्रत्येकी ४२ सेंटीमीटर, म्हणजे तीन घरांची. पहिली चीर पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मधे, डाव्या कडेपासून. उजवं घर जोडलेलं ठेवायचं. दुसरी चीर उजव्या कडेपासून, डावं घर जोडलेलं. तिसरी पुन्हा डाव्या कडेपासून. नागमोडी वाट तयार झाली. तिच्या क्रमानं घड्या घालत गेलं की हातात १४ बाय १९ चं सोळा पानांचं पुस्तक राहतं, आणि पुरतं उलगडलं की अख्खी चौकट.

खरी गंमत क्रमांकांत आहे. पहिली रांग डावीकडून उजवीकडे १ ते ४, दुसरी उजवीकडून डावीकडे ५ ते ८, तिसरी पुन्हा डावीकडून ९ ते १२, चौथी उजवीकडून १३ ते १६. उघड्या कागदाच्या मध्यभागी येणारी चार घरं म्हणजे ६, ७, १० आणि ११. नारळ, सुपारी, केळी, तोरंजन ही जड मंडळी तिथं टाका. पुस्तक म्हणून वाचताना ती अधूनमधून भेटतात. कागद उलगडला की चौघं मधे एकत्र आणि रानातली मंडळी कडेनं. एकाच संग्रहाचे दोन क्रम, एकाच कागदावर. छापील कॅटलॉगला हे जमत नाही.

चुका कुठं होतात? वळणावर, म्हणजे ४ वरून ५ वर जाताना, पान बाजूला उलटत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं खालून वर उघडतं. उघड्या कागदावर सगळी चित्रं सरळ ठेवली असतील तर दुसरी रांग उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. ते मान्य नसेल तर काही घरं उलटी छापावी लागतात, आणि मग माटोळीतली अर्धी फळं डोक्यावर उभी. माझं मत: चित्रं सरळच ठेवा, वाचणाऱ्याला थोडं पुस्तक फिरवू द्या. पण ठरवण्याआधी रद्दी कागदाचा नमुना घडवून पेन्सिलीनं सोळा आकडे आणि सोळा बाण घालाच.

दुसरी अडचण चिरेच्या टोकाची. चार-सहा वेळा उलगडल्यावर कागद तिथूनच फाटू लागतो. चीर कापण्याआधी तिच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडा आणि चीर त्या भोकात संपवा. जोडलेल्या तीन घरांच्या घडीमागे पातळ लांब तंतूंच्या टिश्यूची सेंटीमीटरभर पट्टी लावा.

तिसरी, पुन्हा ग्रेनची. इथं घड्या दोन्ही दिशांना आहेत, म्हणजे एक तरी दिशा ग्रेनला आडवी जाणार. म्हणून या पुस्तकाला हातकागद हवा. साच्यात हातानं उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात. पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा सांगानेरचा १५० ते १८० जीएसएमचा कागद चालतो. २५० चा घेऊ नका. सोळा थरांची घडी मिटत नाही आणि पुस्तक अर्धवट उघडं राहतं.

चित्रं कशी करायची? पानं आणि फुलं असतील तर सायनोटाइप. माटोळीच्या बाजारातून किंवा परसातून एक-दोन डहाळ्या जास्तीच्या घ्या आणि ताज्या असतानाच टीपकागदात दाबा. ते दिवस भाद्रपदातले, हवा ओली, त्यामुळे पहिला आठवडा टीपकागद रोज बदलायचा. एक दिवस चुकला की पान काळं पडतं. दाबलेली पानं जपून ठेवा आणि ठसे काढा डिसेंबरात, ऊन भरवशाचं झालं की.

द्रावण दोन. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलीटर शुद्ध पाण्यात; पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम १०० मिलिलीटर पाण्यात. वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायची आणि लागेल तेव्हाच समप्रमाणात मिसळायची. पूर्ण कागदाला मिश्रण सुमारे २५ मिलिलीटर लागतं. हातकागद जरा जास्त पितो. हातमोजे घाला, फेरीसायनाइडजवळ अॅसिड आणू नका, आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नका. मंद पिवळ्या दिव्याखाली रुंद मऊ ब्रशानं एकदा उभं, एकदा आडवं. ब्रशाची पत्र्याची पकड असेल तर तिला टेप गुंडाळा. लोखंड लागलं की निळे डाग पडतात. वाळवायचं अंधारात, पंख्याखाली. लेप दिलेला कागद त्याच दिवशी वापरा. आपल्या हवेत तो दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःच निळसर होऊ लागतो आणि पांढरा भाग पांढरा राहत नाही.

वर पानं, त्यावर काच, खाली घट्ट पाट. दुपारचं थेट ऊन, साधारण ८ ते १५ मिनिटं. घड्याळापेक्षा रंगावर भरवसा ठेवा: हिरवट पिवळा निळसर होतो, मग राखाडी-तपकिरी. तिथं थांबा. आधी कागदाच्या पट्टीवर २, ४, ८, १६ मिनिटांची चाचणी घेतलीत तर मोठा कागद वाया जात नाही. मग साध्या पाण्यात, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, दहा मिनिटं तरी. खळ न दिलेला हातकागद या पाण्यात लगदा होऊ शकतो, म्हणून विकत घेतानाच साइझिंग आहे का ते विचारा. थेंब टाकून बघा, तो लगेच शोषला गेला तर कागद परत करा. घड्या आणि चिरा सगळं धुऊन, वाळवून, दाबून झाल्यावरच.

फळं मात्र सायनोटाइपमध्ये नीट येत नाहीत. गोल वस्तू कागदाला टेकत नाही, तिची कड धूसर होते आणि चिबूड काय नि आंबाडा काय, सगळे निळ्या कागदावरचे पांढरे गोळे. फळं अर्धी कापून काप दाबून ठसा घ्या किंवा सरळ रेखाटन करा. घागऱ्यांच्या शेंगा आणि सुपारीचं शिपटं यांची बाह्यरेषाच बोलकी असते, तिथं धूसरपणाही खपतो.

सायनोटाइपचं एक पथ्य: त्याला अल्कली चालत नाही, निळा रंग उडतो. संग्रहालयांसाठी मिळणाऱ्या आम्लमुक्त कागदांत बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. ते इतर सगळ्यांसाठी चांगलं, याच्यासाठी वाईट. दोन पानांमधला टिश्यू ‘अनबफर्ड’ मागा. उन्हात फिका पडलेला सायनोटाइप काही काळ अंधारात ठेवला की बराचसा परत गडद होतो. भिंतीपेक्षा मिटलेलं पुस्तक त्याला मानवतं ते यामुळे.

नावांबद्दल. एकाच वेलीला पेडण्यात एक नाव आणि काणकोणात दुसरं. घरात जे म्हणतात ते पुढच्या बाजूला, हातानं. शास्त्रीय नाव, तालुका, वर्ष हे मागच्या बाजूला पेन्सिलीनं. लेझर प्रिंटरचं टोनर हातकागदाच्या खडबडीत अंगावर नीट धरत नाही आणि घडीत तर हमखास सुटतं. छापायचंच असेल तर पिगमेंट शाईचा इंकजेट, आणि अक्षरं घडीपासून ८ मिलिमीटर आत. डाय शाई ओल्या हवेत पसरते.

न संपलेलं: पोथी

पोस्टकार्डं, लेबलं, नाटकांची हँडबिलं यांत भर पडतच राहते. त्यांना शिवून टाकणं म्हणजे संग्रह बंद करणं. आपल्याकडे सुट्या पानांची पोथी आहे, फळ्यांमधे ठेवून बासनात बांधलेली. तिच्यापेक्षा सोयीचं या कामाला काही नाही. सीमेपलीकडे पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही सुट्या चित्रांचा संच म्हणजे पोथी, आणि कथा गात एकेक चित्र पुढे करायचं. ज्याला संग्रह माणसांसमोर बसून दाखवायचा आहे त्यानं हे नीट बघावं.

सगळी पानं एकाच मापाची ठेवा, वस्तू लहान-मोठ्या असल्या तरी. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू दिसायला हव्यात, खरा मजकूर बऱ्याचदा मागेच असतो. दोन माउंटबोर्डांत समोरासमोर खिडक्या कापा: ९ बाय १४ च्या कार्डाला ८.६ बाय १३.६, म्हणजे प्रत्येक कडेला २ मिलिमीटर पकड. कार्ड चिकटवायचं नाही, पॉलिएस्टरच्या कोपऱ्यांत बसवायचं. पीव्हीसीचे अल्बम टाळा. त्यातलं प्लॅस्टिसायझर शाई उचलतं. पॉलिएस्टरची पाकिटंही दोन बाजूंनी उघडी हवीत, नाहीतर आत दमटपणा कोंडतो. सेलोटेपबद्दल काय बोलायचं. काही वर्षांनी टेप निघून जातो आणि पिवळा डाग राहतो.

वस्तू लावायलाच हवी असेल तर वरच्या कडेला टिश्यूच्या दोन छोट्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. २० ग्रॅम स्टार्च १०० मिलिलीटर पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत शिजवा, थंड करून दोनदा गाळा आणि दाट ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वास आला की फेका. मैद्याची खळ सोपी पडते पण झुरळं आणि कसर तिच्यामागे लागतात. जुने बाइंडर त्यावर उपाय म्हणून मोरचूद घालत. रजिस्टरांना ते ठीक. तांब्याचे क्षार कागद हळूहळू खातात, म्हणून मूळ वस्तूंजवळ नको. सुतारकामाचा पांढरा गोंद पुठ्ठ्यापुरता. तो पुन्हा सुटत नाही.

तसा बाइंडर शोधायचाच तर भेटवस्तूंच्या डायऱ्या करणारा शोधू नका. कचेरीची, पंचायतीची रजिस्टरं शिवणारा शोधा. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला हे आपण दर व्याख्यानात ऐकतो. दाभण आणि दोरा हाताळणारे मात्र आता मोजकेच उरलेत, आणि जुझ (घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) कसं शिवायचं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पानांना छापील क्रमांक देऊ नका. उद्या मधे एक पान घालावं लागेल. गटाचं अक्षर आणि आकडा, मागच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीनं.

जाड वस्तू

बिया, शिंपल्या, नाणी यांच्यासाठी पुस्तकाच्या आकाराची पेटी आणि आत थरांचं पान: २ मिलिमीटरच्या आम्लमुक्त बोर्डाचे चार थर, एकावर एक त्याच आकाराची भोकं, म्हणजे ८ मिलिमीटर खोली. बिया आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मग न उघडता एक दिवस बाहेर. लगेच उघडलीत तर बाहेरची वाफ बियांवरच बसते.

शिंपल्यांचं दुखणं वेगळं. त्या गोड्या पाण्यात पुन्हापुन्हा भिजवून मीठ काढलं नाही तर पावसाळ्यात घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. आणि साध्या करड्या पुठ्ठ्यातून, एमडीएफमधून निघणारी आम्लाची वाफ शिंपल्यातल्या चुन्याला लागली की वर पांढरी पूड धरते. ही बुरशी नव्हे, पुसून उपयोग नाही. शिंपलाच झिजत असतो. शिवाय काही शंख-शिंपल्यांना आणि पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा उचलण्याआधी बघा.

आझुलेजचे तुकडे पुस्तकात ठेवण्याचा मोह आवरा. वजनानं घडी फाटते आणि कडा शेजारच्या पानाला कापतात. त्यांचा फोटो काढा, दोन बाजूंनी ४५ अंशांवर दोन दिवे ठेवून, म्हणजे चकाकी येत नाही. मूळ मापात छापायचं तर ३०० डीपीआय पुरतं, दुप्पट करायचं तर ६००.

बसच्या यंत्रातून निघणारी आजची तिकिटं थर्मल कागदावरची. ती उजेडात, उष्णतेत आणि प्लॅस्टिकच्या संगतीत कोरी होतात. मिळतील तशी स्कॅन करा आणि पुस्तकात स्कॅनच लावा. मूळ तिकीट मागे पाकिटात कोरं होऊ द्यायचं की नाही, हा कलेचा प्रश्न झाला.

पावसाळा

हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर आपण त्याच्या वरच असतो. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून कपाट किमान १० सेंटीमीटर दूर ठेवा. पेटीत सिलिका जेल, नारिंगी रंगाची. निळीत कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास रंग परत येईपर्यंत तापवा. पेटी हवाबंद नसेल तर सिलिकाचा उपयोग नाही, ती घरभराची हवा सुकवायला बसते. डांबराच्या गोळ्या नकोत. कडुलिंबाची पानं घालायची असतील तर पुरती कडकडीत वाळलेली. ओलसर पानं स्वतःच बुरशी आणतात. बुरशी दिसलीच तर पुस्तक बाहेर बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) न्या, वाळू द्या, मास्क लावून मऊ ब्रशानं झाडा. ओलं असताना पुसलंत तर ती कागदात मुरते. उन्हात ठेवलंत तर पुठ्ठा वाकतो.

दाखवताना पांढऱ्या हातमोज्यांची गरज नाही. त्यांनी कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात धुतलेले आणि कोरडे असले की झालं. हाताळायला एक वेगळी प्रत करा, साध्या कागदाची, त्याच मापाची. चौदा पानांचं घडीपुस्तक १५ सेंटीमीटरच्या हिशोबानं २१० सेंटीमीटर होतं, पण ते झिगझॅग उभं राहतं तेव्हा दीड मीटरचं टेबल पुरतं. मिअँडर उघडून वर टांगायचं असेल तर चिमट्यांखाली बोर्डाचे तुकडे घाला, वरच्या रांगेत चार चिमटे लावा. खालच्या तीन रांगा फक्त जोडलेल्या घरांवर लोंबतात, म्हणून मागून नायलॉनच्या दोन उभ्या दोऱ्यांचा आधार द्या. पंखा बंद.